जंतू मारला म्हणजे धोका टळला का? एच. पायलोरी, जठरातले बाकीचे जीवाणू आणि कर्करोग

कृष्णाकाठची (वाई)

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढते आहे. प्रश्न माझा आहे, पण घराघरांत "पित्त" म्हणून अंगावर काढलं जाणारं हे दुखणं असल्यामुळे इतरांनाही उपयोग होईल.

माझ्या आईला २०१६ साली जठराचा कर्करोग निघाला. तेव्हा ती ६१ वर्षांची. त्याआधी वर्षभर आमचं "तुझं जेवण वेळेवर होत नाही, म्हणून पित्त होतं" एवढंच चाललं होतं. दोन घास खाल्ले की तिला पोट भरल्यासारखं वाटायचं, मग अन्नावरची वासनाच गेली आणि वजन उतरलं. पुण्यात ऑपरेशन झालं, जठराचा बराचसा भाग काढला, केमो झाली. २०१८ च्या दिवाळीआधी ती गेली.

मी आता ४३ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. मलाही बरीच वर्षं जळजळ आहे, उपाशीपोटी वरच्या पोटात दुखतं. सकाळी उठून अॅसिडिटीची गोळी घ्यायची आणि शाळेत जायचं. मेडिकलवाले ओळखीचे, त्यामुळे चिठ्ठी कुणी विचारली नाही. यंदा वहिनीने हट्टच धरला आणि साताऱ्याला नेऊन माझी एंडोस्कोपी करवली. रिपोर्टमधलं जसंच्या तसं लिहिते: "क्रॉनिक अॅक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, एच. पायलोरी पॉझिटिव्ह, फोकल इंटेस्टायनल मेटाप्लेसिया, नो डिस्प्लेसिया." म्हणजे जठराला जुना दाह आहे, एच. पायलोरी हा जंतू आहे, थोड्या जागी जठराचं अस्तर आतड्याच्या अस्तरासारखं झालंय (मेटाप्लेसिया), पण पेशींतला कर्करोगाआधीचा बिघाड (डिस्प्लेसिया) नाही. डॉक्टरांनी १४ दिवसांचा कोर्स लिहून दिलाय: दोन अँटिबायोटिक्स, बिस्मथ आणि आम्ल कमी करणारी गोळी. म्हणाले, तुमच्या आईचा इतिहास बघता हा जंतू काढायलाच हवा.

औषधं आणून ठेवली आहेत, पण मनात बरंच काही घोळतंय. भाचा फार्मसीला आहे. तो म्हणतो, मावशी, जठरात या एका जंतूशिवाय इतरही पुष्कळ जीवाणू असतात, अँटिबायोटिकने तेही मरतील, मग काय करशील? दुसरं म्हणजे माझ्या सासूबाईंनाही हाच जंतू निघाला होता. त्या ७८ वर्षांच्या आहेत आणि आजही ठेचा-भाकरी खाऊन खणखणीत आहेत. मग हा जंतू माझ्या आईवरच का उलटला? तिसरं, जंतू मेला तर ते मेटाप्लेसिया जातं का? आणि शेवटचं, माझी दोन मुलं (१४ आणि ९) आणि मोठा भाऊ यांचं काय? भाऊ तंबाखू खातो, आणि "मला काही होत नाही" हे त्याचं उत्तर ठरलेलं.

कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. घाबरवलंत तरी चालेल, पण खरं सांगा.

---

मिरजेची मावशी

कृष्णाकाठची, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. मी वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. उपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहेत. पण जंतूंबद्दल तुम्ही जे विचारलंय त्यात माझं अख्खं आयुष्य गेलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं आणि महत्त्वाचं: कोर्स सुरू करा, आणि पूर्ण करा. बाकीचं वाचन १४ दिवसांत गोळ्या घेता घेता होईल.

आम्ही शिकत होतो तेव्हा पुस्तकात लिहिलेलं असायचं की जठरातल्या आम्लात जीवाणू जगत नाहीत. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन नावाच्या पॅथॉलॉजिस्टना जठराच्या तुकड्यांवर वळणदार जीवाणू दिसत होते. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरबरोबर ते जीवाणू वाढवायचा त्यांचा प्रयत्न चालू होता आणि हाती काही लागत नव्हतं, कारण प्लेटा दोन दिवसांनी टाकून दिल्या जायच्या. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जीवाणू उगवला. पुढे १९८४ मध्ये मार्शलनी तो स्वतः पिऊन जठरदाह करून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. १९९४ सालीच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या जीवाणूला पहिल्या गटातला, म्हणजे खात्रीचा, कर्करोगकारक ठरवलं होतं. तंबाखूही त्याच गटात आहे, हे भावाला जरूर सांगा.

हा आम्लात टिकतो कसा? त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर भरपूर असतं. ते युरियापासून अमोनिया बनवतं, अमोनियाने आजूबाजूचं आम्ल मारलं जातं, आणि तेवढ्या वेळात हा शेपट्या हलवत श्लेष्माच्या थरात शिरतो. तुमच्या एंडोस्कोपीच्या वेळी तुकडा एका पिवळ्या जेलमध्ये टाकला असेल आणि ते गुलाबी झालं असेल. तो रंग याच अमोनियामुळे येतो.

आता सासूबाई आणि आई. एच. पायलोरी जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या पोटात असतो, आपल्या देशात त्याहून जास्त. त्यातल्या शंभरातल्या एक ते तीन जणांनाच पुढे कर्करोग होतो. उलट बाजूने बघा. जपानमधला २००१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी वर्गात नेहमी सांगायचे: संसर्ग असलेले १२४६ रुग्ण आणि नसलेले २८०, सरासरी पावणेआठ वर्षं पाहिले. संसर्ग असलेल्यांत ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला, नसलेल्यांत एकालाही नाही. म्हणजे जठराच्या बहुतेक कर्करोगांना हा जंतू लागतोच, पण तो असला की कर्करोग होतोच असं नाही. मधे बऱ्याच गोष्टी आहेत: जंतूचा वाण, आपली प्रकृती, खाणंपिणं, तंबाखू. आणि तुमचा भाचा म्हणतो ते जठरातले बाकीचे जीवाणू. मुलगा हुशार आहे, त्याने बरोबर जागी बोट ठेवलंय.

जंतूच्या वाणाबद्दल थोडक्यात. काही वाणांकडे कॅग-ए नावाचं प्रथिन असतं. सुईसारख्या यंत्रणेने ते आपल्या पेशीत टोचलं जातं आणि पेशीची वाढ, आकार, शेजारच्या पेशींशी असलेली पकड, सगळं बिघडवतं. पूर्व आशियातल्या वाणांतलं हे प्रथिन जास्त घातक आहे.

जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्याकडे येते. जठरातलं आम्ल हा पहारेकरी आहे. आपण रोज लाळेबरोबर तोंडातले अगणित जीवाणू गिळतो, त्यांतले बहुतेक तिथे मरतात. एच. पायलोरी वर्षानुवर्षं दाह चालू ठेवतो. त्यात आम्ल तयार करणाऱ्या पेशी झिजतात, अस्तर पातळ होतं, आम्ल कमी पडतं. मग तोंडातले स्ट्रेप्टोकोकस, व्हेलोनेला यांच्यासारखे जीवाणू जठरात टिकायला लागतात. त्यांतले काही अन्नातल्या नायट्रेटपासून नायट्राइट करतात आणि पुढे एन-नायट्रोसो संयुगं तयार होतात, जी पेशीतल्या डीएनएला इजा करतात. इथे एक गोष्ट घडते जी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा पटायची नाही: अस्तर इतकं बदलतं की एच. पायलोरीलाच तिथे राहवत नाही. कर्करोगाच्या टप्प्यावर तपासलं तर तो बऱ्याचदा थोडाच सापडतो किंवा सापडतच नाही. ज्याने सुरुवात केली तो निघून गेलेला असतो आणि त्याने दार उघडून आत घेतलेले तिथे मुक्काम ठोकून असतात.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये जठराच्या कर्करोगाकडे मुळातच झुकणाऱ्या जातीचे उंदीर पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवले. काहींना फक्त एच. पायलोरी दिला, तर नेहमीचे जीवाणू अंगावर असलेल्या त्याच जातीच्या उंदरांनाही तोच दिला. एकटा एच. पायलोरी असलेल्यांचं अस्तर बिघडलं, पण सावकाश आणि कमी. जोडीला बाकीचे जीवाणू असलेल्यांचं भराभर बिघडलं. नंतरच्या प्रयोगात दिसलं की त्यासाठी आतड्यातल्या जीवाणूंच्या तीन जातीही पुरतात.

माणसांतलं उदाहरण हवं असेल तर कोलंबिया देशातला नारिन्यो प्रांत घ्या. एकीकडे समुद्रकाठचं तुमाको, दुसरीकडे अँडीज पर्वतात सुमारे तीन हजार मीटर उंचीवरचं तुकेर्रेस. दोन्हीकडे जवळजवळ सगळ्यांच्या पोटात एच. पायलोरी. पण डोंगरातल्या लोकांना जठराचा कर्करोग किनाऱ्यावरच्यांपेक्षा सुमारे पंचवीसपट! पेलायो कोर्रेआ या कोलंबियन पॅथॉलॉजिस्टनी आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला. दाह, झीज, मेटाप्लेसिया, डिस्प्लेसिया आणि मग कर्करोग, या क्रमाला त्यांचंच नाव आहे. पुढच्या संशोधकांना तीन गोष्टी सापडल्या. किनाऱ्यावरच्या माणसांचं आफ्रिकी कूळ आणि त्यांच्या जंतूचं कूळ एकमेकांच्या सवयीचं. डोंगरात मात्र मूळ अमेरिकी कुळाच्या माणसांत युरोपी वळणाचा जंतू. किनाऱ्यावर जंतांचा (पोटातल्या कृमींचा) प्रादुर्भाव जास्त, त्याने प्रतिकारशक्तीचा कल बदलतो आणि दाह सौम्य होतो असं मानतात. आणि तिसरं, दोन गावांतल्या जठरातले बाकीचे जीवाणूही वेगळे: डोंगरात व्हेलोनेला आणि लेप्टोट्रिकिया, किनाऱ्यावर स्टॅफिलोकोकस. तुमच्या "आईवरच का" या प्रश्नाचं उत्तर असं तिन्हीकडे वाटलेलं आहे. तुमच्या आईच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते आता कुणी सांगू शकणार नाही. वेळेवर न जेवल्यामुळे मात्र ते झालेलं नाही. तेवढा सल मनातून काढून टाका.

आता तुमचे थेट प्रश्न. अँटिबायोटिक्सने बाकीचे जीवाणूही मरतील का? काही मरतील, हो. आतड्यातलं गणित काही आठवडे बिघडतं, नंतर बरंचसं पूर्वपदावर येतं, काहींना वर्षभर लागतं. जठरात मात्र उलट फायदा दिसतो. एच. पायलोरी असताना तोच सगळीकडे माजलेला असतो. तो गेल्यावर जठरातली वस्ती हळूहळू संसर्ग नसलेल्या माणसासारखी होते. अपवाद आहे तो ज्यांचं अस्तर आधीच फार झिजलंय त्यांचा. चीनमध्ये शांतुंग प्रांतातल्या लिंकू इथे जंतू गेल्यानंतरही ज्यांची झीज तशीच राहिली, त्यांच्या जठरात स्ट्रेप्टोकोकस अँजिनोसस, अॅसिनेटोबॅक्टर असे जीवाणू जास्त आढळले. हा अँजिनोसस आपल्या तोंडातलाच. २०२४ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी तो उंदरांना दिला, तर एच. पायलोरी नसतानाही जठरदाह आणि पुढचे बदल दिसले. उंदरांतली गोष्ट आहे, त्यावरून लगेच उपचार बदलायचे नसतात. पण दातांची, हिरड्यांची हेळसांड करू नका एवढं नक्की म्हणेन.

मेटाप्लेसिया जातं का? झीज भरून येण्याची शक्यता बरी असते, मेटाप्लेसिया मात्र चिवट असतं, बहुतेकांचं राहतं. म्हणून जंतू लवकर काढण्याला इतकं महत्त्व. तुमच्या रिपोर्टमध्ये "फोकल" म्हणजे थोड्याच जागी आणि "नो डिस्प्लेसिया" असं आहे. हे दोन्ही शब्द तुमच्या बाजूचे आहेत. तरी आईचा इतिहास असल्यामुळे दर तीन वर्षांनी एंडोस्कोपी करावी का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

---

एदोगावाकर

मावशींचं वाचून राहवलं नाही. मी बारा-तेरा वर्षं तोक्योत आहे. इथे "पिरोरी-किन" (पायलोरी जंतू) हा शब्द शेजारच्या आजींनाही माहीत असतो. जठराचा कर्करोग इथे पूर्वापार जास्त. २०१३ च्या फेब्रुवारीपासून जठरदाहासाठीही हा जंतू काढण्याचा खर्च सरकारी विम्यात बसतो; अट एकच, आधी एंडोस्कोपी झालेली पाहिजे.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत रक्तातल्या अँटिबॉडी आणि पेप्सिनोजेन (जठराच्या अस्तरातून येणारं एक प्रथिन) बघून मला "सी" गट दिला. "सी" म्हणजे संसर्ग आहे आणि अस्तरही झिजलंय. मला त्रास काहीच नव्हता. लहानपण सोलापूरजवळच्या गावात गेलं, आडाचं पाणी प्यायलो, तिथेच कधीतरी लागला असेल. पहिल्या कोर्सने गेला नाही, कारण क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला तो दाद देत नव्हता. दुसऱ्यांदा मेट्रोनिडाझोल घालून दिलं तेव्हा गेला. तोंडाला आठवडाभर धातूची चव होती. पिशवीत फुंकर मारायची ती श्वासाची चाचणी निगेटिव्ह आल्यावर मी पेढे वाटायच्या बेतात होतो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, छान झालं, आता दर वर्षी या. मी विचारलं, जंतू गेला ना? ते म्हणाले, जंतू गेला, पण इतकी वर्षं त्याने जे केलं ते अस्तरावर लिहिलेलं आहे. तेव्हापासून दर वर्षी जातो. ताई, तुम्हीही जात राहा.

---

हिरवं रान

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. हा जीवाणू माणसाबरोबर आफ्रिकेतून निघाला, जवळपास ५८,००० वर्षांपूर्वी. आल्प्समध्ये सापडलेल्या ५३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाच्या, ओत्झीच्या पोटातही तो होता, आणि त्याचा वाण आज आपल्या दक्षिण आशियात सापडणाऱ्या वाणाच्या जवळचा निघाला. इतका जुना सोबती फक्त वाईटच असेल? मार्टिन ब्लेझर यांच्यासारखे संशोधक सांगतात की ज्या समाजांतून तो नाहीसा होतोय तिथे लहानपणीचा दमा आणि अन्ननलिकेच्या खालच्या भागाचा एक कर्करोग जास्त दिसतो. शिवाय भारतात संसर्ग इतका असूनही जठराचा कर्करोग तुलनेने कमीच. मग ज्याच्या त्याच्या हातात १४ दिवसांची अँटिबायोटिक्स द्यायची का?

---

डोंगरमाथा

भारतात कमी, हे सरसकट खरं नाही. बँकेच्या नोकरीत मी मिझोरममध्ये ऐजॉलला होतो. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीत पुरुषांच्या जठराच्या कर्करोगात ऐजॉल देशात सगळ्यात वर आहे. आमच्या शाखेतल्या शिपायाचे वडील, घरमालकांचा थोरला भाऊ, पलीकडच्या गल्लीतले चर्चचे एक ज्येष्ठ गृहस्थ, सगळे याच आजाराने गेले. यंग मिझो असोसिएशनची मुलं रात्रभर मयताच्या घरी बसून गाणी म्हणायची, सकाळी कबर खणायला जायची. इतकी एकमेकांना धरून राहणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत, म्हणून ते फार लागायचं.

तिथे चुलीवर मांस टांगून धुरावर वाळवतात. डुकराची चरबी आंबवून केलेलं "साऊम" भाजीत घालतात. तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेलं "तुइबुर" तोंडात धरतात. याचा आणि कर्करोगाचा संबंध तिथल्या अभ्यासांत दिसलाय, असं एका स्थानिक डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मावशी, तिथे जंतू आपल्यापेक्षा जास्त आहे का?

---

मिरजेची मावशी

डोंगरमाथा, जंतू सगळ्या भारतभर मुबलक आहे. त्याच्या नुसत्या असण्याने ऐजॉल आणि सातारा यांतला फरक समजत नाही. खारवलेलं, धुरावलेलं मांस आणि तंबाखू अस्तराला वेगळी इजा करतात आणि दाह असलेल्या अस्तरात ती जास्त खोल जाते. नारिन्योसारखंच आहे हे. तिथल्या लोकांबद्दल तुम्ही ज्या आपुलकीने लिहिलंत ते वाचून बरं वाटलं.

हिरवं रान, तुम्ही दिलेली माहिती बरोबर आहे आणि ब्लेझर यांचं म्हणणं मीही विद्यार्थ्यांना शिकवलंय. धडधाकट, कुटुंबात कुणाला काही नसलेल्या प्रत्येकाला शोधून शोधून औषध द्यावं का, यावर मतभेद होऊ शकतात. तैवानच्या मात्सु बेटांवर २००४ पासून सगळ्या प्रौढांची तपासणी करून औषध दिलं, आणि जठराचा कर्करोग निम्म्याहून जास्त घटला. पण तिथे मुळात प्रमाणच फार होतं. आपल्याकडे तसं सगळीकडे करा असं मी म्हणणार नाही, कारण प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढवून ठेवणं हेही पाप आहे. आपल्याकडे मेट्रोनिडाझोलला न जुमानणारे वाण आधीच खूप झालेत.

पण या धाग्यावर प्रश्न विचारणारी बाई वेगळ्या जागी उभी आहे. तिची आई या आजाराने गेली आहे आणि तिच्या स्वतःच्या अस्तरात बदल सुरू झालेला आहे. कोरियात नेमक्या अशाच लोकांचा, म्हणजे आई-वडील किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झालेल्यांचा अभ्यास झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ वर्षांच्या आसपास पाहिल्यावर औषध दिलेल्यांत १.२ टक्के लोकांना कर्करोग झाला, न दिलेल्यांत २.७ टक्के. आणि ज्यांचा जंतू खरोखर गेला त्यांच्यात ०.८, ज्यांचा राहिला त्यांच्यात २.९. सोबती कितीही जुना असो, या आकड्यांपुढे मी तिला थांब म्हणू शकत नाही.

---

कृष्णाकाठची (वाई)

मावशी, एदोगावाकर, सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून गोळ्या सुरू केल्या. "वेळेवर न जेवल्यामुळे झालेलं नाही" हे वाक्य मी वहिनीला आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा काही बोलले नाहीत, पण मग बराच वेळ आईच्या गोष्टी सांगत बसले.

भावालाही वाचायला लावलं. कोरियाचे आकडे दोनदा वाचले त्याने. म्हणाला, कुठे जायचं ते सांग, येतो. तंबाखूचा विषय अजून काढलेला नाही, एका वेळी एक.

आता पुढचं विचारते. गोळ्या घेताना ताक, दूध चालतं का? शौचाला काळं होतंय, घाबरायचं का? जंतू गेला का ते कधी आणि कोणत्या तपासणीने बघायचं? आणि मुलांचं राहिलंच.

---

मिरजेची मावशी

भाऊ तयार झाला, फार बरं केलंत. वय आणि तंबाखू बघता त्याच्या बाबतीत थेट एंडोस्कोपीच करावी का, हे डॉक्टरांना विचारा. नुसती श्वासाची किंवा शौचाची चाचणी जंतू सांगेल, अस्तराची अवस्था नाही.

काळं शौच बिस्मथमुळे होतं, जीभही काळपट होईल, कोर्स संपला की जाईल. मात्र डांबरासारखं चिकट, घाण वासाचं झालं किंवा चक्कर आली तर लगेच दवाखान्यात जा, तो रक्तस्राव असू शकतो. ताक जरूर प्या, पोट बिघडण्याचा त्रास कमी होऊ शकतो, पण ताकाने हा जंतू मरत नाही. गोळ्यांत टेट्रासायक्लिन किंवा डॉक्सिसायक्लिन असेल तर दूध, ताक, कॅल्शियमची गोळी यांत आणि तिच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध अंगी लागत नाही. बरं वाटायला लागलं म्हणून दहाव्या दिवशी सोडू नका. उरलेले जंतू त्या औषधाला पुन्हा दाद देतीलच असं नाही.

तपासणी कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी. श्वासाची चाचणी, किंवा शौचातल्या अँटिजेनची (जंतूच्या अंशाची). त्या आधी दोन आठवडे अॅसिडिटीची गोळी बंद हवी आणि चार आठवडे कुठलंही अँटिबायोटिक किंवा बिस्मथ नको, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येतं. रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी यासाठी करू नका. जंतू गेल्यावरही अँटिबॉडी कितीतरी महिने रक्तात राहतात आणि उगाच दुसरा कोर्स गळ्यात पडतो.

ती रोजची गोळी, तिच्याबद्दल आधी लिहायला हवं होतं इतकी ती महत्त्वाची आहे. एच. पायलोरी असताना वर्षानुवर्षं आम्ल दाबणारी गोळी घेतली, तर दाह जठराच्या खालच्या टोकाकडून वरच्या मोठ्या भागाकडे सरकतो आणि झीज वाढू शकते. शिवाय आम्ल कमी झाल्यावर तोंडातले जीवाणू तिथे टिकतात हे आपण पाहिलंच. म्हणून दीर्घकाळ ही गोळी द्यायची असेल तर आधी जंतू तपासा, असं जाणकार सांगतात. सध्या कोर्समधली गोळी घ्यायचीच आहे, तिच्यावाचून अँटिबायोटिक्स नीट काम करत नाहीत. कोर्सनंतर चालू ठेवायची की हळूहळू सोडायची ते डॉक्टरांशी बोला, आणि मेडिकलमधून परस्पर आणणं बंद करा.

मुलांना त्रास नसेल तर घाईने तपासू नका. हा संसर्ग बहुतेक वेळा लहानपणी घरातल्याच माणसांकडून होतो, आणि लहान वयात औषध देऊनही तो पुन्हा लागू शकतो. थोरल्याचं अठरा-वीसच्या पुढे बघता येईल. धाकट्या लेकराला सतत पोटदुखी, रक्त कमी होणं, वाढ नीट न होणं असं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना आजीचा इतिहास आवर्जून सांगा. तोवर तुम्ही आणि घरातल्या मोठ्यांनी आपापले जंतू काढून घेतलेत तर मुलांसाठीही ते चांगलंच.

एक काम उद्याच करा. साताऱ्याच्या लॅबला फोन करून बायोप्सीचे तुकडे जठराच्या कोणत्या भागांतून आणि किती ठिकाणांहून घेतले होते ते लिहून घ्या. खालच्या भागातले आणि वरच्या भागातले तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत दिले होते का, तेही विचारा. तीन वर्षांनी पुन्हा एंडोस्कोपी झाली तर तुलना करायला हेच लागतं. ते तुकडे ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड त्यांच्याकडे किती वर्षं ठेवतात ते विचारा, आणि ठेवत नसतील तर सही करून स्वतःकडे घेऊन या.

---

कृष्णाकाठची (वाई)

फोन केला मावशी. चार तुकडे होते, दोन खालून, दोन वरून, बाटल्या वेगळ्या. मेटाप्लेसिया फक्त खालच्या भागातल्या एका तुकड्यात आहे, वरचे दोन्ही साफ. ब्लॉक शनिवारी जाऊन घेणार आहे. भावाची एंडोस्कोपी त्याच दिवशी ठरली आहे, त्याचा रिपोर्ट आला की इथेच टाकते.